एका अक्षराची दुरुस्ती : फिलाडेल्फियाच्या वैद्यक-विद्यालयाचें वर्तमान

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं चार पिढ्यांची वंशावळ लिहून ठेवलेली आहे, त्यांनीं ती एकदां उघडून पाहावी. नांवांच्या मधून मधून तींत एक लहानसा शब्द आढळेल : "अल्पायुषी". कोठें कोठें तोहि नसतो. नांव ठेवण्यापूर्वींच गेलेल्या बालकाची नुसती एक आडवी रेघ असते. बारशाच्या आंत गेलेलीं हीं मुलें कशानें गेलीं, हें घरांतील कोणालाच ठाऊक नसतें. "मूल अंगापिंडानें चांगलें होतें, दूध पीत होतें, तिसऱ्या दिवशीं एकाएकीं मलूल झालें आणि गेलें", एवढेंच आजी सांगते. आणि मग आवाज थोडा खालीं आणून असेंहि सांगते कीं, त्यानंतर त्या सुनेच्या पायगुणाविषयीं घरांत बरेंच बोललें गेलें.

अशा कांहीं मृत्यूंचें कारण आतां शास्त्राला कळलें आहे. इतकेंच नव्हे, तर तशाच एका जन्मजात रोगानें पछाडलेल्या बालकावर इ. स. २०२५ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं असा उपचार करण्यांत आला, कीं केवळ एकाच रोग्यासाठीं मुद्दाम घडविलेलें असलें जनुक-दुरुस्तीचें औषध त्यापूर्वीं जगांत कोणालाहि मिळालें नव्हतें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी, तिच्यामागची दीर्घ तपश्चर्या सांगावी, आणि आपल्या घरांशीं तिचा संबंध काय, हें पाहावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

फिलाडेल्फियाचें आपलें नातें

फिलाडेल्फिया हें नांव महाराष्ट्राला परकें नाहीं. कल्याणास १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं आई झाल्या, आणि त्यांचें बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलें. बाळंतिणीला व बाळाला योग्य वैद्यकीय साहाय्य मिळत नाहीं, ही जाणीव तेथून त्यांच्या मनांत रुजली. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून जहाजानें निघाल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक-महाविद्यालयांतून एम्. डी. झाल्या. पदवीदानाच्या प्रसंगीं पंडिता रमाबाई तेथें हजर होत्या. पुढें कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभागाचें काम त्यांच्याकडे सोंपविण्याचें ठरलें. पण तें हातीं घेण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. वय पुरतें बावीसहि नव्हतें.

आनंदीबाई शिकत होत्या त्या काळीं त्याच शहरांत एक दुसरी आणि फार जुनी वैद्यक-शाळा नांदत होती. तिचीं दारें मात्र तेव्हां स्त्रियांना उघडीं नव्हतीं. ती म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची शाळा. डॉ. जॉन मॉर्गन यांनीं १७६५ सालीं, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्या अकरा वर्षें आधीं, तिचा पाया घातला. त्या वसाहतींतील ती पहिली वैद्यक-शाळा होय. २०११ सालीं पेरेलमन दांपत्यानें तिला २२ कोटी ५० लाख डॉलरांची देणगी दिली, तेव्हांपासून ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते. तिच्या शेजारींच १८५५ सालीं स्थापन झालेलें मुलांचें रुग्णालय आहे. प्रस्तुत वर्तमान ह्या दोन शेजारणींच्या सहकार्याचें आहे.

दूधच जेव्हां विष होतें

आपण अन्नांतून जीं प्रथिनें घेतों, तीं पचतांना शरीरांत अमोनिया नांवाचा विषारी पदार्थ उत्पन्न होतो. निरोगी माणसाचें यकृत त्याचें यूरियांत रूपांतर करतें, आणि तो मूत्रावाटे निघून जातो. हें काम एका पाठोपाठ एक अशा कांहीं पायऱ्यांनीं होतें व प्रत्येक पायरीवर एक-एक पाचक द्रव्य राबत असतें. त्यांतील पहिल्याच पायरीवरचें द्रव्य ज्याच्या शरीरांत जन्मतः तयार होत नाहीं, त्या बालकाला आईचें दूधसुद्धां घातक ठरतें. कारण दुधांतहि प्रथिनें आहेतच. अमोनिया रक्तांत सांचतो, मेंदूपर्यंत पोंचतो, मूल सुस्त होतें, पिईनासें होतें, ओकूं लागतें, आणि वेळीं उपाय न झाल्यास दगावतें किंवा मेंदूला कायमची इजा होते. हा रोग अतिशय विरळ आहे. सुमारें तेरा लाख जन्मांत एक, असा त्याचा अजमास सांगतात. प्रथिनें अगदीं मोजून देणें, अमोनिया उतरविणारीं औषधें देणें, आणि मूल जगलें-वाढलें तर दुसऱ्याचें यकृत बसविणें, एवढाच उपाय आजवर होता.

हें द्रव्य कां तयार होत नाहीं? आमच्या वाचकांना पोथीचा दृष्टांत सहज पटेल. आपल्या प्रत्येक पेशींत सुमारें तीनशें कोटी अक्षरांची एक पोथी असते. तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. ह्या पोथीची एक प्रत आईकडून व एक प्रत वडिलांकडून आपणांस मिळते. लेखनिकाच्या हातून एखादें अक्षर चुकावें आणि ओवीच्या मध्यावरच "समाप्त" अशी खूण पडावी, तसा प्रकार कधीं कधीं घडतो. मग त्या जागचें द्रव्य अर्धवट राहतें. एका प्रतींत चूक असली तरी दुसऱ्या शुद्ध प्रतीवर काम भागतें. म्हणून आईबापांना स्वतःला कांहींच त्रास नसतो. परंतु दोघांच्याहि अशुद्ध प्रती एकाच बालकाच्या वांट्यास आल्या, तर मात्र घात होतो.

म्हणजे उपाय उघड आहे : चुकलेलें अक्षर शुद्ध करावें. पण यकृताच्या कोट्यवधि पेशींत शिरून, तीनशें कोटींतलें नेमकें एक अक्षर शोधून, इतर कशालाहि धक्का न लावतां तें बदलणार कोण? आणि शरीर त्या परक्या लेखनिकाला आंत येऊं देणार कसें?

१९९९ सालचा धडा

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ह्याच विद्यापीठानें फार मोठी किंमत देऊन शिकलें आहे, आणि तें सांगितल्याशिवाय पुढील यशाचें मोल कळणार नाहीं.

अमोनियाच्या ह्याच साखळींतील दुसऱ्या एका पायरीच्या दोषावर तेथें १९९९ सालीं प्रयोग चालले होते. शुद्ध जनुक यकृतापर्यंत नेण्यासाठीं सर्दीपडशाच्या जातीचा एक विषाणु निरुपद्रवी करून वाहन म्हणून वापरीत. प्रयोगास स्वखुषीनें पुढें आलेल्यांत अठरा वर्षांचा एक तरुण होता. त्याचा रोग सौम्य होता. पथ्य व औषधें यांवर त्याचें ठीक चाललें होतें. ह्या प्रयोगानें आपण बरे होणार नाहीं, हेंहि त्याला माहीत होतें. आपल्यामुळें पुढें तान्ह्या मुलांचे जीव वांचावे, एवढ्यासाठीं तो आला होता. १३ सप्टेंबर रोजीं त्याला तें औषध टोंचण्यांत आलें. शरीराच्या संरक्षक शक्तीनें त्या विषाणूविरुद्ध असा कांहीं भडका उडविला कीं, चौथ्या दिवशीं, १७ सप्टेंबरला, तो मरण पावला.

साऱ्या जगांत ह्या मृत्यूनें हळहळ झाली. चौकशींत नियमांच्या पालनांत उणिवा आढळल्या, आणि अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००० सालच्या आरंभीं त्या संस्थेंतील जनुकोपचाराच्या चाचण्या थांबविल्या. घराण्यांतील लांच्छन झांकून ठेवण्याची रीत विद्यापीठांतहि असतेच. पण हा मृत्यु झांकला गेला नाहीं. रोग्याची संमति घेतांना त्याला धोका किती स्पष्ट सांगावा, पैशाचा हितसंबंध असणाऱ्यानें रोग्याच्या बाबतींत निर्णय घ्यावा काय, हे प्रश्न त्यावेळीं चव्हाट्यावर आले, आणि पुढील नियम त्यांतून अधिक कडक झाले. त्या तरुणाचें दान वायां गेलें नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तें त्याच्या आईबापांनीं म्हणावयाचें. आपण एवढेंच म्हणूं कीं, तें विसरलें गेलें नाहीं.

देवडीवरचा पहारेकरी

त्याच वर्षांत त्याच विद्यापीठांत एक हंगेरियन बाई, कोणाच्या फारशी खिजगणतींत नसतां, वेगळ्याच मार्गानें ह्याच कोड्याशीं झुंजत होत्या. त्यांचें नांव कातालिन कारिको. जन्म १९५५ चा, वडिलांचा धंदा मांसविक्रीचा, घर साधें. हंगेरींत संशोधनाचा आधार तुटला तेव्हां १९८५ सालीं पति व दोन वर्षांची मुलगी यांसह त्या फिलाडेल्फियास आल्या. देशाबाहेर पैसा नेण्यास तेव्हां बंदी होती; म्हणून मोटार विकून मिळालेले सुमारें नऊशें पौंड त्यांनीं मुलीच्या खेळण्यांतील अस्वलाच्या पोटांत शिवून आणले. (तीच मुलगी पुढें अमेरिकेतर्फे नौकास्पर्धेंत २००८ व २०१२ अशीं दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविती झाली.) १९८९ सालीं कारिकोबाई पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत रुजू झाल्या.

त्यांचा ध्यास होता तो संदेशवाहक आर. एन. ए. ह्या द्रव्याचा. मूळ पोथी पेशीच्या गाभाऱ्यांतून बाहेर येत नाहीं. जी ओवी हवी असेल तेवढीच उतरून घेऊन एक चिठ्ठी बाहेर येते, आणि ती वाचून पेशी हवें तें द्रव्य बनविते. काम झालें कीं चिठ्ठी विरून जाते. अशी चिठ्ठी बाहेरून लिहून पाठविली तर पेशी आपणांस हवें तें औषध स्वतःच तयार करील, ही त्यांची कल्पना. परंतु अनुदानाचे अर्ज एकामागून एक नामंजूर झाले, आणि १९९५ सालीं विद्यापीठानें त्यांना खालच्या जागेवर उतरविलें. बाई डगमगल्या नाहींत. कांहीं वर्षांनीं प्रत काढण्याच्या यंत्रापाशीं त्यांची डॉ. ड्रू वाइसमन यांच्याशीं गांठ पडली, आणि दोघांनीं मिळून काम आरंभिलें.

अडचण अशी होती कीं, बाहेरून आलेली चिठ्ठी पाहतांच शरीराचा पहारेकरी बोंब ठोकी व दाह उसळे. मग शरीराच्या स्वतःच्या आर. एन. ए. वर तो कां ओरडत नाहीं? दोघांनीं पाहिलें कीं, आपल्या पेशींतील कित्येक आर. एन. ए. च्या अक्षरांवर कांहीं बारीक खुणा असतात; परक्यावर त्या नसतात. त्यांनीं युरिडीन नांवाच्या अक्षराच्या जागीं त्याचेंच किंचित बदललेलें रूप घातलें, आणि पहारेकरी शांत राहिला. २००५ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याची फारशी वाहवा झाली नाहीं. पंधरा वर्षांनीं करोनाच्या सांथींत ह्याच विद्येवर लशी तयार झाल्या, आणि २०२३ सालीं दोघांना वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या पुण्यांतहि जेनोव्हा ह्या कंपनीनें ह्याच तत्त्वावर बनविलेल्या लशीला २०२२ च्या जूनमध्यें सरकारी मंजुरी मिळाली होती, हें येथें नमूद करण्याजोगें आहे.

सहा महिन्यांत औषध

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. २०२४ च्या ऑगस्टमध्यें जन्मलेल्या एका मुलाला वर सांगितलेला रोग असल्याचें जन्मानंतर थोड्याच दिवसांत कळलें. त्याच्या दोन्ही प्रतींत निरनिराळ्या जागीं अकालीं "समाप्ती"ची खूण पडली होती. मुलांच्या रुग्णालयांतील डॉ. रेबेका आहरेन्स-निक्लस व विद्यापीठाचे डॉ. किरण मुसुनुरु यांनीं त्यांतील एका चुकीवर नेम धरून औषध घडविण्याचें मनावर घेतलें. एरव्हीं ज्या कामास वर्षेंच्या वर्षें लागतात, तें सुमारें सहा महिन्यांत उरकलें. कारण मुलाला वेळ नव्हता.

औषधाची रचना अशी : चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत दोन वस्तु भरलेल्या. एक, अक्षर बदलणाऱ्या लेखनिकाची कृति सांगणारी चिठ्ठी. दुसरी, नेमकें कोणतें पान व कोणती ओळ हें दाखविणारी खूण. हे थेंब शिरेवाटे दिले कीं यकृत त्यांना ओढून घेतें. तेथें लेखनिक तयार होतो, अक्षर शुद्ध करतो, आणि थोड्या काळांत नाहींसा होतो. दुरुस्ती मात्र राहते. विषाणूचें वाहन नसल्यामुळें औषध पुन्हां पुन्हां देतां येतें. पहिली मात्रा फेब्रुवारी २०२५ मध्यें, अगदीं थोडी. मग मार्च व एप्रिल महिन्यांत आणखी दोन. १९९९ ची आठवण असणाऱ्या त्या इमारतींत त्या पहिल्या रात्रीं कोणाला झोंप लागली असेल, असें आम्हांला वाटत नाहीं.

भडका उडाला नाहीं. मुलाला पूर्वींपेक्षां अधिक प्रथिनें सोसूं लागलीं, अमोनिया उतरविण्याचें औषध कमी करतां आलें. मध्यंतरीं सर्दीतापाचें दुखणें येऊनहि, ज्या प्रसंगीं अशा मुलांचा अमोनिया एकदम चढतो, तें सांवरलें. मे महिन्यांत ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि जूनमध्यें, आयुष्याचे पहिले दहा महिने रुग्णालयांत काढलेलें तें मूल घरीं गेलें. तें पूर्ण बरें झालें, असें त्याचे डॉक्टर म्हणत नाहींत. जन्मभर त्याच्यावर लक्ष ठेवावें लागेल, असें ते स्वतःच सांगतात. आम्हांला ही सावध भाषाच ह्या वर्तमानांतील सर्वांत विश्वासार्ह गोष्ट वाटते.

पुढें काय होणार? एका मुलासाठीं एक औषध, हा क्रम चालविणें परवडणारें नाहीं. म्हणून ह्या साखळींतील निरनिराळ्या दोषांना एकाच चाचणींत घ्यावें, थेंब व लेखनिक तेच ठेवून पानाची खूण तेवढी प्रत्येक मुलागणिक बदलावी, असा बेत ह्याच मंडळींनीं २०२५ च्या उत्तरार्धांत जाहीर केला. तो तडीस गेला तर "एका घरापुरतें औषध" ही कल्पना "एका साच्यांतून अनेक घरांचीं औषधें" अशी विस्तारेल.

आपल्या घरीं काय?

"हें सारें अमेरिकेंतलें, आपणांस काय त्याचें?" असें कोणी विचारील. त्याला आमचें पहिलें उत्तर असें कीं, विद्या समुद्र ओलांडते. ह्याच वैद्यक-शाळेंत डॉ. कार्ल जून यांनीं रक्ताच्या कर्करोगावर रोग्याच्याच पांढऱ्या पेशी शिकवून परत देण्याचा उपचार सिद्ध केला. २०१७ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली, तेव्हां त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवण्यांत आली. त्याच तत्त्वावरील उपचार मुंबईच्या आय. आय. टी. नें व टाटा रुग्णालयानें मिळून येथें घडविला. २०२३ सालीं त्यास मंजुरी मिळाली, आणि तो परदेशच्या मानानें कितीतरी कमी खर्चांत उपलब्ध झाला. तोहि सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत आहे, असें नाहीं. पण वाट पडली आहे.

दुसरें उत्तर अधिक जवळचें आहे, आणि त्याला एक पैहि खर्च नाहीं. असा दोष आईबाप दोघांकडून मिळून येतो. दोघेहि वाहक असले तर प्रत्येक गर्भाला रोग होण्याचा संभव चारांत एक; एकट्या आईवर त्याचा भार घालणें हें शास्त्रदृष्ट्या खोटें व माणुसकीच्या दृष्टीनें निंद्य आहे. ज्या सुनेला आपण "पायगुण" चिकटविला, तिच्या कपाळीं जो दोष होता तेवढाच आपल्या मुलाच्याहि होता. विवाह जुळवितांना आपण सगोत्र टाळतों, पण जनुकें गोत्र ओळखत नाहींत. कांहीं घराण्यांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आहे. तेथें एकाच आजोबांची चूक दोन्ही बाजूंनीं एकत्र येण्याचा संभव वाढतो, हें वडील मंडळींनीं लक्षांत घ्यावें.

तिसरें असें कीं, लपवूं नये. घरांत पूर्वीं तान्हें मूल असें गेलें असेल तर पुढच्या बाळंतपणापूर्वीं तें डॉक्टरांना अवश्य सांगावें. दोन-तीन दिवसांचें बाळ चांगलें पीत असतां एकाएकीं सुस्त झालें, ओकूं लागलें, तर दृष्ट काढून वेळ दवडूं नये. रुग्णालयांत न्यावें, व रक्तांतील अमोनिया पाहिला काय, असें विनयानें पण निश्चयानें विचारावें. टांचेच्या रक्ताच्या चार थेंबांवरून जन्मजात दोषांपैकीं कित्येक आधींच ओळखतां येतात. गोव्यानें अशी योजना २००८ सालींच सुरू केली होती. विरळ रोगांसाठीं भारत सरकारनें २०२१ सालीं धोरण आंखलें, आणि त्याखालीं नेमलेल्या केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयाचा समावेश झाला. अशा ठिकाणीं जाऊन विचारण्यांत कमीपणा नाहीं.

अमेरिकेंतील वैद्यक-शाळांच्या पंचांगांत मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवाराला फार महत्त्व आहे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्या दिवशीं पाकीट फोडतात, आणि पुढील शिक्षणासाठीं आपणांस कोणत्या रुग्णालयांत जावयाचें आहे, हें त्यांना कळतें. फिलाडेल्फियासहि तो सोहळा होतो, आणि पाकिटें फोडणाऱ्या हातांत आज भारतीय मुलींचेहि हात असतात. त्याच शहरांत, त्याच महिन्यांत, १८८६ सालीं एक महाराष्ट्रीय मुलगी पदवी घेऊन उभी होती. आणि तिच्या मनांत दहा दिवसांचें एक बाळ होतें.

आमच्या वाचकांना आमची एकच विनंती आहे. घरची वंशावळ पुन्हां बांधून ठेवण्यापूर्वीं त्या आडव्या रेघेसमोर, जेवढें आठवत असेल तेवढें, आजीला विचारून लिहून ठेवा : मूल कितव्या दिवशीं गेलें, कसें गेलें, पूर्वीं असें कोणाचें झालें होतें काय. आणि ज्या सुनेला त्यावेळीं बोल लागला, ती आज हयात असेल, तर तिचा त्यांत कांहीं दोष नव्हता, हें तिला जाऊन सांगा.